मौनाचा सातवा दिवस

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा काढला गेला, त्यानंतरही आमच्या आश्रमशाळेच्या शिक्क्यावर बरेच दिवस जुन्याच जिल्ह्याचे नाव होते. मुख्याध्यापक तो शिक्का उमटवीत, जुने नाव खोडीत आणि वर निळ्या शाईने नवे लिहीत. त्याच सुमारास मी देवरीच्या पलीकडे, बिजाटोला नावाच्या वस्तीत, मराठी व संस्कृत शिकविण्यासाठी रुजू झालो. संस्कृत पाठशाळेतील बारा वर्षे संपली होती, लग्न व्हायचे होते, आणि स्वतःच्या विद्येविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नव्हती. माझे गाव तिरोड्याच्या अंगाला. आमचे पूर्वज माळव्यातून येऊन तेथे स्थिरावले, असे घरात सांगत. शेतकरी पोवाराच्या पोराला पाठशाळेत कायले घातले, असे नातलगांनी वडिलांना पुष्कळदा ऐकवले. वडील ऐकून घेत आणि दरवर्षी मला पुन्हा पोहोचवून येत. धानाच्या बांध्या हेच आमचे जग होते. विहिरीची बांधी, आंब्याची बांधी, आजीच्या वाट्याची बांधी, असे प्रत्येकीला नाव होते आणि दृष्टी पोहोचेल तेथवर जमिनीला धुरे म्हणजे बांध होते. ज्या भूमीला धुरा नाही आणि नावही नाही, तिच्यासमोर उभे राहण्याचा प्रसंग माझ्यावर तोपर्यंत आला नव्हता.

बिजाटोल्यात मला सोमाजी उइके यांच्या घरी पुढची खोली मिळाली. सोमाजी पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, बोलण्यात मोजके. त्यांची पत्नी सुकवारोबाई मात्र मनात येईल ते जिभेवर आणणारी. मुली सासरी गेलेल्या, घरात दोघेच. आपापसात ती गोंडीत बोलत, माझ्याशी झाडीबोलीत. मी सोवळ्याचा, म्हणून माझी चूल वेगळी होती. पहिल्या दिवशी सुकवारोबाईंनी ती अंगणाच्या कोपऱ्यात स्वतःच लिंपून दिली आणि म्हणाल्या, "आमचा धूर चालते ना तुमाले, का तोबी येगळा पायजे?" त्यांच्याकडे सकाळी तांदळाची पेज, उन्हाळ्यात अंबील, पावसाळ्यात वास्त्यांची भाजी असे; कोवळ्या बांबूच्या त्या भाजीचा आंबूस वास माझ्या वरणभातावरून जाई आणि मी मनोनिग्रहाने जेवत असे. पहाटे धान कांडणाऱ्या ढेकीचा आवाज येई, नंतर कोंबडे, नंतर शाळेची घंटा. आणि या सगळ्याच्या मागे, केव्हाही कान द्यावा तर, रानाचा एक अखंड आवाज असे. तो वाऱ्याचा की पानांचा की कीटकांचा, हे मला दोन वर्षांत निश्चित सांगता आले नाही.

घराच्या मागच्या कुडापासून वीस पावलांवर रान सुरू होई. संस्कृत काव्यातील वने मला तोंडपाठ होती. त्या वनांत आश्रम होते, हरिणे माणसाच्या हातून गवत खात, लता वृक्षांना आलिंगन देत. येथे ऐन होता, बिजा होता, धावडा होता, आणि त्यांतील एकालाही माझ्या असण्याची दखल नव्हती. पहिल्या पावसाळ्यात मी एकदा नाल्याच्या काठाने अर्धा कोस गेलो आणि थांबलो. भीती वाटली म्हणून थांबलो नाही. मी येथे नसतो तरी हे सगळे असेच असते, हा विचार एवढ्या स्पष्टपणे यापूर्वी कधी आला नव्हता. पाठशाळेत आम्ही ब्रह्माचे वर्णन करताना 'निरपेक्ष' हा शब्द शेकडो वेळा उच्चारला होता; त्या शब्दाचा अर्थ अंगावर आला तो तेथे. माझ्यासारख्या श्रद्धाळू माणसाला हे दर्शनच होते, आणि दर्शनानंतर माणसाने नम्र व्हावे अशी अपेक्षा असते. मी उलट अधिक अभिमानी झालो. या रानाचे मर्म मला कळले, असे मी स्वतःला सांगू लागलो.

सोमाजींनी मला रानाचे दोन नियम सांगितले होते. रानात माणसाला नावाने हाक मारायची नाही. नाव रानाच्या कानी पडू नये. त्याऐवजी तोंडापाशी हात धरून लांब 'हूऽऽ' अशी हाळी द्यायची. आणि दुसरा नियम असा की, हाळी ऐकू आली की उत्तर द्यायचे. हातात काय आहे, तोंडात काय आहे, कोणाशी भांडण आहे, हे पाहायचे नाही. दोन पक्के वैरीसुद्धा रानात एकमेकांना उत्तर देतात, असे ते म्हणाले. हाळी देणारा उत्तर आले की जागीच थांबतो आणि चुकलेला त्याच्या आवाजावर चालत येतो. उत्तर आले नाही तर हाळी देणाऱ्याला पुढे पुढे जावे लागते. आज त्या वस्तीत मोबाइलचा मनोरा उभा आहे आणि मोहाच्या झाडाखाली बसून पोरे पडद्यावर बोटे फिरवितात. तरी नाल्याच्या वर गेले की आवाज तुटतो आणि तेथे अजूनही हाळीच चालते, असे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मागच्या दिवाळीत सांगितले.

दुसऱ्या वर्षीच्या चैत्र नवरात्रात मी अनुष्ठान धरले. नऊ दिवस एकभुक्त राहायचे, नाल्याच्या काठच्या शिळेवर बसून जपाची ठरलेली संख्या पुरी करायची, आणि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन. शाळेतून रजा घेतली. ते मोहाचे दिवस होते. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडे, सोमाजी आणि सुकवारोबाई टोपल्या घेऊन अंधुक उजेडातच बाहेर पडत आणि ऊन चढण्याआधी वेचून परतत. त्यांच्या हक्काची पाच झाडे होती. महिना-सव्वा महिन्यात पडेल तेवढे वेचायचे, वाळवायचे, त्यावर घराचे अर्धे वर्ष निघायचे. आदल्या संध्याकाळी मी मौनाचे सांगितले तेव्हा सुकवारोबाई हसल्या. गुरुजी नऊ दिवस गप्प राहणार म्हणजे पोरांपेक्षा मलाच जास्त सुट्टी, असे काहीसे त्या नवऱ्याला गोंडीत म्हणाल्या, आणि मला समजावे म्हणून लगेच मराठीतही म्हणाल्या. सोमाजी हसले नाहीत.

"आन हाळी आली तं?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो की मौन म्हणजे मौन. त्याला अपवाद नसतो.

"मंग रानात नका जाऊ, गुरुजी. नाल्यापाशीच बसा. शिळेच्या वर पाय टाकू नका. अस्वल मोहावर येऊन राहिले सध्या."

मी होकार दिला. सहा दिवस तो पाळलाही.

सातव्या दिवशी जप नेहमीपेक्षा लवकर आटोपला. मन अतिशय शांत होते. शांत मनालाच मोह कसा होतो, हे त्या दिवसापासून मला ठाऊक आहे. शिळेच्या वर डोंगराची चढण होती आणि तिच्या माथ्यावर सहा दिवस मी ऊन सरकताना पाहत होतो. वर जाऊन एकदा पाहावे, मध्यान्हापूर्वी परत यावे, एवढाच हेतू होता. सागाची पाने गळून गेलेली, त्यामुळे पायाखाली कर्रकर्र आवाज होई आणि ऊन थेट डोक्यावर येई. बांबूच्या बेटांना वळसा घालीत गेलो. माथा जवळ दिसे आणि तेथे पोहोचल्यावर पुढे आणखी एक माथा निघे. तिसऱ्या माथ्यावर झाडे संपली आणि काळ्या खडकाचा उघडा सपाट भाग लागला.

तेथून जे दिसले ते सांगण्याचा मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे. चारही दिशांना डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, राखेच्या रंगाच्या. मधेच पळसाचा लाल डाग. आणि कोठेही धूर नाही, वाट नाही, शेत नाही, छप्पर नाही. पूर्वेकडे छत्तीसगड कोठे सुरू होते ते सांगणारे काहीही नव्हते. एक गरुड माझ्यापेक्षा खालच्या पातळीवर फिरत होता. मी हात जोडले. किती वेळ उभा होतो ते आठवत नाही. उतरायला वळलो तेव्हा ज्या बांबूच्या बेटाला वळसा घालून आलो होतो तशी पाच बेटे दिसत होती.

पुढचे दोन-तीन तास मी उतरत होतो असे मला वाटत होते. प्रत्यक्षात डोंगराच्या पाठीमागच्या अंगाला चाललो होतो. घसा कोरडा पडला. एकटेपणाचे जे वैभव मी वर पाहिले होते, त्याचाच खालून अनुभव घेताना त्यात वैभव काहीच उरले नाही. तेथे फक्त झाडे होती, उष्णता होती, आणि मी कोणत्या दिशेला आहे याविषयी कोणाला काहीही वाटत नव्हते.

ऊन कलल्यावर पहिली हाळी आली. खालून, डावीकडून, लांबलेली. ती सोमाजींची होती हे मी लगेच ओळखले. मी दुपारपर्यंत परतलो नाही, हे पाहून ते शिळेपाशी आले असणार आणि पानांत माझा माग काढीत वर निघाले असणार. मी तोंड उघडले आणि मिटले. सूर्य अजून दोन हात वर होता. सहा दिवस आणि सातव्याचा तीन चतुर्थांश भाग अखंड गेला होता. मी मनाशी युक्तिवाद केला, आणि तो युक्तिवाद निर्दोष होता: आवाज मला ऐकू येतो आहे, मी त्याच्या दिशेने चालत जाईन, व्रतही राहील आणि भेटही होईल. मी चालू लागलो. दुसरी हाळी उजवीकडून आली. डोंगरात आवाज फिरतो हे मला ठाऊक नव्हते; आणि मी उत्तर न दिल्यामुळे सोमाजी थांबलेले नाहीत, तेही चालत आहेत, हे ठाऊक असूनही मी लक्षात घेतले नाही. तिसरी हाळी दूर गेली होती. खाली, दगडांच्या अरुंद घळीकडे. त्या घळीत दिवसा अस्वले पडून असतात, असे सांगून त्यांनीच मला ती एकदा लांबून दाखविली होती.

त्यानंतर त्यांनी माझे नाव घेतले. दोन वर्षांत त्यांनी मला 'गुरुजी'खेरीज कशानेही संबोधले नव्हते. माझे नाव त्यांना ठाऊक आहे हेही मला माहीत नव्हते. रानात जे करायचे नसते ते त्यांनी केले, पूर्ण नाव घेऊन केले, एकदाच. मी उभा राहिलो. तरीही मी उत्तर दिले नाही. हे वाक्य लिहिताना त्यात एखादे कारण घालावे असे वाटते. पण कारण एवढेच होते की सूर्य मावळला नव्हता.

मग गुरगुरणे आणि माणसाचे ओरडणे एकाच वेळी ऐकू आले.

मी ओरडत धावलो. काय ओरडलो ते आठवत नाही. पोहोचलो तोवर अस्वल आपल्या पिलाला घेऊन घळीच्या वर निघून गेले होते. सोमाजी दगडाला टेकून बसले होते. चेहरा वाचविण्यासाठी त्यांनी उजवा हात पुढे केला होता, आणि कोपराखाली त्या हाताचे जे झाले होते त्याचे वर्णन मी करणार नाही. मी माझे सोवळ्याचे धोतर फाडून बांधले. ते म्हणाले, "नाल्याचा आवाज येते का पाहा. त्याच्या संग चाला." नंतर, थोड्या वेळाने, "हाळी देत राहा. आता बंद नका करू." मी त्यांना पाठीवर घेतले आणि चालू लागलो. दहा पावले आणि एक हाळी, दहा पावले आणि एक हाळी. सूर्य मावळण्याच्या आधीच खालून उत्तर आले. सुकवारोबाई आणि वस्तीतील चार माणसे वर निघालेली होती.

बैलगाडीने सडकेपर्यंत आणि तेथून लाकडाच्या ट्रकने आम्ही गोंदियाला पोहोचलो. दवाखान्यात कागद भरणाऱ्या माणसाने विचारले, "इनके साथ कौन है?" मी पुढे झालो. "आप कौन लगते हो इनके?" माझ्या मागे उभ्या असलेल्या सुकवारोबाई म्हणाल्या, "लिहून टाका ना, घरचे होय." हात वाचला, पण त्यात बळ राहणार नाही आणि दोन बोटे मिटणार नाहीत, असे डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.

वस्तीत सर्वांनी धरून चालले होते की मी फार दूर होतो आणि मला हाळी पोहोचलीच नाही. दवाखान्यात भेटायला आलेल्या दोघांनी तसे बोलूनही दाखविले आणि माझी कीव केली. मी गप्प राहिलो. आता त्या गप्प राहण्याला कोणत्याही व्रताचा आधार नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी सुकवारोबाई चहा आणायला खाली गेल्या असताना सोमाजींनी डोळे उघडले आणि छताकडे पाहत विचारले, "गुरुजी, माही हाळी आली होती का कानावर?"

नाही म्हटले असते तर कोणालाही कधीही कळले नसते. ते स्वतःही तेच गृहीत धरून असावेत असे मला वाटले.

"आली होती," मी म्हणालो. "चारही आल्या. नावाचीसुद्धा."

मग त्यांनी मान माझ्याकडे वळविली. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, काहीतरी सुटल्यासारखे दिसत होते.

"मंजे मी बरोबर अंगालेच आलो होतो," ते म्हणाले. "तीन दिवस मी हेच धरून राहिलो की माग चुकला माह्यानं. म्हातारा झालो म्हणून."

मी रडलो. त्यांनी मला तसे करू दिले, आणि सुकवारोबाईंच्या पायऱ्यांवरच्या पावलांचा आवाज आला तेव्हा म्हणाले, "तिले तुमीच सांगा. मी नाई सांगत."

मी सांगितले. कपबशी हातात धरून त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. "बोलले असते तं देवाचं काय गेलं असतं?" एवढेच त्यांनी विचारले. पाठशाळेत मी वादात कधी हरलो नव्हतो. कपबशी खाली ठेवीत त्या पुन्हा म्हणाल्या, "मोह पडून राहिला तिकडं. पाच झाडं आहेत. एकटीनं होत नाई. आता तुमीच उठा सकाळी."

सोमाजींजवळ त्यांची थोरली मुलगी येऊन राहिली आणि आम्ही दोघे परतलो. दशमीच्या पहाटेपासून मी मोह वेचू लागलो. ज्या फुलांची दारू होते ती फुले हाताने उचलायची, हे माझ्या आईला कळले असते तर तिने माझ्या हातचे पाणी घेतले नसते. वेचताना वाकून चालावे लागते. उकिडवे बसून सरकत गेले तर गुडघे जातात, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. सुकवारोबाई माझ्या मागून फिरून मी सोडलेली फुले उचलीत आणि माझ्या टोपलीतील पानेकाड्या काढून माझ्याच अंगावर टाकीत. "गुरुजी, हे देवाले वाहाची फुलं नाईत, एक एक नका धरू," असे त्या म्हणत. ऊन चढल्यावर झाडाखालीच त्या पेज काढीत. पहिल्या दिवशी त्यांनी एक द्रोण माझ्यापुढे ठेवला आणि दुसरीकडे पाहू लागल्या. मी ती प्यायलो. त्याविषयी आम्ही कधीही बोललो नाही. अठरा दिवस मी वेचले, अंगणात पसरले, सायंकाळी गोळा केले. तीन आठवड्यांनी सोमाजी आले तेव्हा ते वाळलेले मोह त्यांनी डाव्या हाताने चाळून पाहिले. बरेच ओलसर राहिले होते. त्यांनी ते पुन्हा पसरायला लावले.

पुढे मी त्या शाळेत आणखी सात वर्षे होतो. आता निवृत्तीला काही वर्षे उरली आहेत. केस पांढरे झाले, आणि व्रते पुष्कळ झाली. ते अनुष्ठान मात्र सातव्या दिवशीच थांबले. व्रतभंगाला शास्त्रात प्रायश्चित्त आहे, आणि ते मला पाठ आहे. सोमाजी बरे झाल्यावर, त्याच वर्षीच्या आश्विनात, राहिलेले दोन दिवस पुरे करावे आणि प्रायश्चित्तही घ्यावे असे माझ्या मनात आले होते. मी ते त्यांच्यापाशी बोललो. ते ओसरीवर बसून डाव्या हाताने दोरी वळण्याचा सराव करीत होते. एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेले, आणि पीळ पुन्हा पुन्हा सुटत होता. माझे बोलणे त्यांनी पुरते ऐकले.

"राहू द्या ना, गुरुजी," ते म्हणाले. "सगळंच पुरं कायले करता?"

मी दोरीचे दुसरे टोक धरून बसलो.